थामखर्कच्या चौकीतला हिरवा पडदा

मी एक पडदा बोलतोय. थामखर्कच्या आरोग्य चौकीतला, हिरवा, मधोमध आयोडीनचे दोन डाग पडलेला. आयुष्यभर माझं कामच गप्प राहायचं. पण उद्या चौकीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. अंगणात झेंडूच्या माळा बांधणं चाललंय, खालच्या गावाहून बाजेवाले आलेत, आणि मला इतकं भरून आलंय की आज बोललो नाही तर तारेवरून खाली पडेन.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्या आड जे बोललं गेलं ते मी कुणाला सांगत नाही. आठ वर्षांत शेकडो बायका माझ्यामागे बसून गेल्या, त्यातल्या दोघींचंच मी सांगणार आहे, कारण त्या दोघींनी आपापली गोष्ट स्वतःच सगळ्या गावाला ऐकवली. बाकीच्यांनी निश्चिंत असावं.

माझा जन्म बुर्तीबांगच्या बाजारात, हस्तबहादुर दर्जीच्या दुकानात झाला. चौकीतल्या नर्सबाईंनी खोलीचं माप दोरीनं घेऊन ती दोरी खेचरवाल्याबरोबर पाठवली होती. वाटेत त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यानं त्याच दोरीचा एक तुकडा तोडला, चप्पल बांधली आणि उरलेली दोरी दर्जीच्या हातात ठेवली. हस्तबहादुरनं इमानदारीनं त्या दोरीबरहुकूम मला शिवलं, आणि मी जन्मापासूनच वीतभर तोकडा राहिलो.

तोकडा असलो म्हणून काय झालं असं मला वाटायचं. पण या गावात माणसाला तोंडावरून नंतर आणि चपलांवरून आधी ओळखतात. माझ्या एका बाजूला नर्सबाईंचं टेबल, स्टूल आणि खाट, दुसऱ्या बाजूला बाक. बाकावरच्या म्हाताऱ्या माझ्याखालून दिसणारे पाय बघत बसायच्या.

"लाल पट्ट्याची चप्पल, म्हणजे वरच्या घरची सून."

"ती कशाला आली असेल?"

"नवरा मलेशियात आणि ही इथं. तूच समज."

झालं, संध्याकाळपर्यंत नळावर चर्चा. मग बायका हुशार झाल्या आणि एकमेकींच्या चपला घालून येऊ लागल्या. एकदा एका सासूनं आपल्या सुनेची चप्पल ओळखून मला खसकन बाजूला ओढलं, तर आत शाळेच्या हेडसरांची बायको बसलेली. त्या दिवशी नर्सबाईंनी आपल्या जुन्या शालीची एक पट्टी फाडून मला खालून जोडली. अजून आहे ती. हिरव्याला तपकिरी शोभत नाही, पण मी कधी तक्रार केली नाही.

या नर्सबाई म्हणजे निरूपा मिस. चितवनच्या सपाटीवरून आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या आणि चढ चढताना दर दहा पावलांवर बसायच्या. त्यांच्या टेबलावर एक पत्र्याची पेटी असते. त्यात गोळ्यांची पाकिटं, निरोध, तांबी, दंडात घालायच्या काड्या आणि तीन महिन्यांची सुई असे सगळे नमुने असतात. बाळंतपणानंतर पुढचं मूल कधी हवं, हवं की नको, आणि त्यासाठी काय वापरायचं, हे बाईला नीट समजावून सांगायचं हे त्यांचं काम. मिस कामाला वाघ, पण सुरुवातीला एक चूक त्या हमखास करायच्या. खरं तर ती चूक इथं सगळेच करतात.

मनसरा पहिल्यांदा माझ्यामागे आली तेव्हा तिची थोरली दीड महिन्याची होती. मिसनी विचारलं, "नवरा कुठं असतो?"

"कतारला."

"मग तुला कशाला काय लागतंय? तो आला की ये." आणि पेटी बंद.

आता तुम्हीच सांगा, कतारहून येणारा माणूस महिनाभर आधी पत्र पाठवून येतो का? सकाळी फोन येतो, "काठमांडूला उतरलो", आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो दारात. तेव्हा घरात कोंबडं कापायचं, पाहुण्यांना दारू ओतायची, की उठून चौकीचा डोंगर चढायचा? आणि त्याआधीच घेऊन ठेवावं तर लोक विचारणार, नवरा नसताना हे कुणासाठी. तिचा टेकबहादुर दशैंला, म्हणजे तुमच्या दसऱ्याला आला, महिनाभर राहिला, परत गेला. थोरली अजून पुरती रांगत नव्हती आणि मनसराला पुन्हा दिवस गेले.

मनसरा कोण ते सांगायचं राहिलंच. अहो, थामखर्कच्या बायकांच्या व्हॉलीबॉल संघातली स्मॅश मारणारी ती. शाळेचं मैदान चौकीच्या खिडकीखालीच आहे. ती उडी घेऊन चेंडू मारायची तेव्हा तो आवाज इथं आत यायचा आणि माझ्या कड्या तारेवर थरथरायच्या. इतर कुणाच्या फटक्यानं माझं काही हलत नाही. तिहारच्या, म्हणजे आमच्या दिवाळीच्या सुट्टीत आजूबाजूच्या गावांचे सामने होतात. तिला पहिली मुलगी झाली त्या वर्षी थामखर्क पहिल्याच फेरीत बाद झालं. पुढच्या वर्षी दुसरं अंगावर पीत होतं, तेव्हाही बाद झालं. खिडकीतून येणारा तो ढिला ढिला पटपट आवाज ऐकून मला रडू यायचं.

त्याच काळात धनमायाचं प्रकरण झालं. चौथं बाळंतपण, कळा ऐन भरात, आणि मिसनी तिला विचारलं, "दंडात काड्या घालू ना? पाच वर्षं बघायला नको." वरच्या कचेरीतून तेव्हा काड्यांचा आकडा मागत होते आणि मिस त्या नुकत्याच घालायला शिकल्या होत्या. त्या वेळी बाईला काहीही विचारा, ती हो म्हणते. धनमाया हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी काड्या घातल्या.

तीन महिने तिचं अंगावरून जाणं थांबेना. ती काढायला आली. मिस म्हणाल्या, "थोडं थांब, होईल नीट." परत आली. "आणखी एक महिना बघू." तिसऱ्यांदा आली तेव्हा मिसनी आपल्या वहीतला आकडा बघितला आणि पुन्हा तेच सांगितलं. धनमाया आली तशी परत गेली. दुसऱ्या दिवशी ती दिवसभर चालून पलीकडच्या खोऱ्यातल्या चौकीत गेली, तिथं काड्या काढून घेतल्या आणि परत येऊन नळावर सगळ्या बायकांसमोर बाही वर केली.

"घालताना विचारलं ते मी किंचाळत असताना," ती म्हणाली. "काढताना मी शुद्धीत होते, तर तीन फेऱ्या मारायला लावल्या. हात माझा की चौकीचा?"

हे मिसच्या कानावर आलं त्या दुपारी त्या माझ्याआड बराच वेळ रडल्या आणि माझ्याच टोकाला डोळे पुसले. मला त्यांचा राग आला होता, ते मी लपवत नाही. पण दुसऱ्या सकाळी त्या धनमायाच्या घरी गेल्या आणि तिची माफी मागून आल्या. तिथून पुढं कळा देणाऱ्या बाईला त्यांनी असलं काही विचारलं नाही.

आता ऐका माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस. सांगतानाही माझ्या कड्या वाजताहेत.

दशैंला दहा दिवस होते. लसीकरणाचा वार, बाक भरलेला. मनसरा दुसऱ्या मुलीला घेऊन आली. होय, दुसरीही मुलगीच. बरोबर तिची सासू जसकुमारी. पण नुसती सासू म्हणून चालणार नाही, ती मनसराच्या बापाची सख्खी बहीण. आमच्या इथल्या मगर जमातीत मामाची मुलगी करतात, तुमच्याकडेही करतात म्हणे. तेव्हा मनसरासाठी ती जन्मापासूनची आत्या. लहानपणी जिनं कडेवर घेऊन मका भरवला, तिला नाही म्हणायचं, हे परक्या सासूला नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड.

लस टोचून झाली. रडणाऱ्या बाळाला आत्यानं घेतलं आणि ती बाकावर बसली. मनसरा माझ्या आत आली. मिसनी मला नीट ओढून घेतलं, स्टूल पुढं सरकवलं आणि पेटी न उघडता विचारलं, "तुला काय हवंय?"

मनसरानं एकदा बाकाच्या बाजूला कान दिला. मग हळू आवाजात म्हणाली, "टेक दशैंला येतोय. आत्याला नातू हवाय, लगेच. मला दोन वर्षं काहीच नको. मला खेळायचंय, मिस. परवा संघातल्या सगळ्या पोरी घरी आल्या होत्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी येणार असशील तर खरं सांग, नाहीतर आम्ही दुसरी शोधतो. मी अजून उत्तर दिलेलं नाही."

मिसनी पेटी उघडली आणि एकेक नमुना तिच्या हातात दिला. "या गोळ्या अंगावर पाजतेस तोवर नकोत. निरोध टेकनं वापरला पाहिजे, दर वेळी."

"तो कतारहून येणार आणि मी त्याला हे देणार? पुढचं बोला."

मिसना हसू आलं. "तांबी बसवायला बाजाराच्या दवाखान्यात जावं लागेल, इथं मला येत नाही. दंडातल्या काड्या मी आत्ता घालू शकते. मला विचारशील तर त्याच बऱ्या. पाच वर्षं चालतात, विसरायची भीती नाही."

"मी उजव्या हातानं मारते."

"डाव्या दंडात घालते."

"आत्या मला रोज तेल चोळते. तिच्या बोटांना कातडीखालचा काटाही सापडतो." मनसरानं काडी उलटीपालटी करून बघितली. "आणि काढायची झाली तर?"

"माझ्याकडे ये. सांगशील त्या दिवशी काढते."

"धनमायानं पण सांगितलं होतं."

मिसचा चेहरा उतरला, पण त्यांनी नजर खाली घातली नाही. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी चुकले. आता तशी वागणार नाही, पण तू माझ्यावर विश्वास ठेवलाच पाहिजेस असं नाही."

"तुमच्यावर राग नाही, मिस. पण काडी घालायला माझं हो आणि काढायला तुमचं हो लागतं. सुईचं तसं नाही ना? पुढची नाही घेतली की संपलं."

"संपलं. पण नीट ऐक. पाळी मागंपुढं होईल, कधी थेंब थेंब जात राहील, कधी बंदच होईल. नाही सोसलं तर एकदा टोचलेली सुई मला परत ओढून घेता येत नाही, तीन महिने काढावे लागतात. आणि सोडल्यावर दिवस जायला बरेच महिने लागू शकतात, कधी वर्षही. तारीखही चुकवून चालणार नाही."

"चालेल. तीन महिने मी सोसेन. पण पाच वर्षं दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं मला जमणार नाही."

शाबास, पोरी. मनातल्या मनात मी मैदानावरच्या प्रेक्षकांसारखा ओरडत होतो.

मिसनी सुई भरायला घेतली आणि त्या कुजबुजल्या, "कुणाला कळणार नाही. बाहेर सांग, ताकदीची सुई दिली." बरोबरच होतं त्यांचं. कितीतरी जणी असंच सांगून जातात आणि मी त्या सगळ्यांचं गुपित पोटात ठेवून आहे. ज्यांना लपवायचं त्यांनी खुशाल लपवावं, त्यासाठीच तर मी आहे. मीही छाती फुगवून तयार झालो.

बाहेर त्याच वेळी टेकबहादुरचा फोन आला होता, चेहरा दिसणारा. आत्या त्याला सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, "आत गेलीय ती. कसली एवढी खलबतं चाललीत कोण जाणे. तू ये रे, या वेळी देव ऐकेल."

मनसरानं ते ऐकलं. ती स्टुलावरून उठली. मला वाटलं घाबरली, निघून चालली. तिचा हात माझ्यावर पडला. आणि तिनं मला सर्रकन बाजूला सारलं. आतून. आजवर मला बाहेरून खेचणाऱ्या सासवा, नवरे, पोरंटोरं खूप पाहिली होती. आत बसलेल्या बाईनं स्वतः, सगळा बाक बघत असताना, मला सरकवलेलं मी पहिल्यांदा अनुभवत होतो.

"आत्या," ती म्हणाली, "मी तीन महिन्यांची सुई घेतेय. दोन वर्षं मला मूल नको."

बाकावर कुणीतरी मक्याचे दाणे चावत होतं, ते थांबलं.

"कुणाला विचारून?" आत्यानं विचारलं.

"काय काय असतं ते मिसना विचारलं. घ्यायचं की नाही ते कुणाला विचारलं नाही."

"ऐकतोयस का रे?" आत्यानं फोन तिच्याकडे फिरवला. "ही बघ तुझी बायको काय म्हणतेय. ऐक तिच्याच तोंडून."

फोनमध्ये टेकबहादुर डोक्याला कामावरचं पिवळं हेल्मेट घालून उभा, मागं यंत्रांचा खडखडाट. "काय झालं?"

"मी सुई घेतेय," मनसरा म्हणाली. "दोन पोरी झाल्या दोन वर्षांत. मला जिना चढताना चक्कर येते. मला बरं व्हायचंय आणि पुढच्या वर्षी तिहारला खेळायचंय. तू ये, पोरींना खेळव, तुझीच वाट बघतेय. पण मूल आत्ता नाही."

टेकबहादुरनं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. चित्र गोठलं होतं. आमच्याकडे ढग आले की असंच होतं. सगळा बाक माना पुढं काढून त्या उघड्या तोंडाकडे बघत होता, आता तो काय बोलतो म्हणून. मीही बघत होतो. मनसरा मात्र थांबली नाही. ती वळली, स्टुलावर येऊन बसली आणि तिनं बाही वर केली.

"पडदा ओढू?" मिसनी विचारलं.

"राहू दे."

सुई टोचली त्याच क्षणी फोन पुन्हा बोलू लागला. "हॅलो? आमा? ती काय म्हणाली? मला काही ऐकू नाही आलं."

आत्यानं मनसराकडे बघितलं. मग हातातल्या बाळाकडे. मग फोन तोंडाजवळ नेऊन खेकसली, "तुझ्या बायकोला सुई लागतेय. मागून फोन कर." आणि फोन बंद करून तिनं पदरात खोचला. बाकावर खसखस पिकली. "हसता काय गं?" आत्या म्हणाली. "माझ्या भावाची पोर आहे ती. हा हट्ट आमच्याच घरातला."

म्हणजे तिला पटलं असं नाही हं. तीन दिवस ती मनसराशी बोलली नाही, हे मला बाकावरूनच कळलं. चौथ्या दिवशी घरी तिच्याजवळ तेलाची वाटी घेऊन आली आणि कुठल्या दंडाला टोचलंय तेवढं विचारून तो दंड हळू चोळला. टेकबहादुर दशैंला आला, दोन दिवस फुगून बसला आणि मग धाकटीला खांद्यावर घेऊन गावभर फिरला.

पुढच्या वर्षीच्या तिहारला मैदानावरून तो आवाज आला. तोच. माझ्या सगळ्या कड्या एकदम वाजल्या. मिस हातातला ट्रे तसाच घेऊन खिडकीकडे धावल्या. थामखर्क अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि तिथं हरलं, पण आत्या दोन्ही नातींना दोन बाजूला धरून पंचाला ज्या शिव्या देत होती, त्या ऐकून पलीकडच्या गावाचा संघही हसत होता. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

मनसरानं आठ सुया घेतल्या. नवव्या सुईच्या तारखेला आली आणि म्हणाली, "आता नको." मिसनी कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आणखी काही विचारायचंय?" मनसरा नाही म्हणाली आणि हसत निघून गेली.

तर असा मी. रंग विटलाय, शालीची पट्टी उसवत चाललीय, चार कड्या तुटल्यात. उद्यापासून नव्या इमारतीत या कामासाठी वेगळी खोली असणार आहे, चार भिंतींची, सालवृक्षाच्या लाकडाच्या दाराची. माझी फडकी होतील, औषधांची कपाटं पुसायला. मला वाईट वाटत नाही, उलट हेवा वाटतो त्या दाराचा. माझ्याखालून चपला दिसायच्या, त्याच्याखालून मुंगीही दिसणार नाही.

पण मघाशी सुतार येऊन गेला. खिडकीतून मला दिसलं. त्यानं दाराला कडी बसवली ती फक्त बाहेरून, कुलूप घालायला. अहो, अजून वेळ आहे. बाजा सुरू व्हायच्या आत, फीत कापायच्या आत, त्याला कुणीतरी परत बोलवा आणि एक कडी आतूनही बसवायला सांगा. ती लावायची की उघडी ठेवायची, ते आत बसलेली बाई बघून घेईल.